कबड्डी कोरोनात सव्वादोन वर्षं का थांबली? अंगाला अंग लागणारे खेळ आणि बेसबॉलने दाखवलेली गोष्ट

५ ऑगस्ट २०२० पासून महाराष्ट्रात काही मैदानी खेळ पुन्हा खेळायला परवानगी मिळाली. ‘मिशन बिगिन अगेन’च्या आदेशात या खेळांची नावंच दिली होती. गोल्फ, मैदानावरची नेमबाजी, जिम्नॅस्टिक्स, टेनिस, मैदानावरचं बॅडमिंटन आणि मल्लखांब. अट होती अंतर पाळण्याची आणि खेळ सांघिक नसण्याची.

कबड्डी या यादीत नव्हती. खो-खो, कुस्ती, व्हॉलीबॉलही नव्हते. म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या सहा तालुक्यांत जे खेळ गावोगाव खेळले जातात, त्यातले बहुतेक बाहेरच राहिले. गोल्फला परवानगी मिळाल्याचा मंगरुळपीर किंवा मानोऱ्याच्या पोरांना काय उपयोग, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. विचारायची ती वेळही नव्हती.

पण आता विचारता येतो. खेळात ‘संपर्क’ किती, यावरून कुठला खेळ सुरू करायचा आणि कुठला बंद ठेवायचा हे ठरत होतं. हा संपर्क नेमका कसा मोजला गेला? आणि ज्या खेळांत तो कमी होता, ते खरंच सुरक्षित ठरले का?

‘संपर्क’ म्हणजे नेमकं काय?

खेळांची विभागणी संपर्कावरून करण्याची पद्धत कोरोनाच्या आधीपासूनची आहे. तिचा मूळ हेतू दुखापतीचा अंदाज बांधणं हा होता. बॉक्सिंग, कुस्ती, रग्बी यांत धडक हा खेळाचाच भाग. फुटबॉल, बास्केटबॉलमध्ये धडक होते, पण ती उद्देश नसते. टेनिस, बॅडमिंटनमध्ये मध्ये जाळीच असते.

साथ आली तेव्हा हीच मोजपट्टी हाताशी होती, म्हणून तीच वापरली गेली. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने मे २०२० मध्ये सराव पुन्हा सुरू करण्यासाठी जी कार्यपद्धती काढली, तिच्यातही खेळांची वर्गवारी संपर्कानुसारच होती. सुरुवातीच्या महिन्यांत विषाणू कसा पसरतो याबद्दल जेवढं माहीत होतं, त्यात हे चुकीचं म्हणता येत नाही. माणसं जितकी लांब तितकं बरं, हा साधा हिशेब होता.

मात्र या हिशेबात एक घोटाळा होता. दुखापतीसाठी महत्त्वाचा असतो तो धडकेचा जोर. संसर्गासाठी महत्त्वाची असते ती हवा आणि वेळ. किती वेळ, किती जवळ, बंद जागेत की उघड्यावर, आणि त्या वेळात माणूस नुसता श्वास घेतोय की ओरडतोय. या दोन मोजपट्ट्या काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी अजिबात जुळत नाहीत.

कबड्डीत संपर्क किती?

इथे मात्र दोन्ही मोजपट्ट्या जुळतात, हे मान्य करायला हवं.

पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात. म्हणजे साडेसहा बाय दहा मीटरच्या जागेत बचावाचे सात जण आणि त्यांच्यात शिरलेला एक चढाईपटू. बचाव करणारे एकमेकांचे हात धरून साखळी करतात. चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. त्यात पकड झाली तर एकाने घोटा धरलेला, दुसऱ्याने कंबर, तिसरा वरून पडलेला. सामना २०-२० मिनिटांच्या दोन सत्रांचा, आणि हे प्रत्येक मिनिटाला घडत राहतं.

यात भर पडते खेळाच्या मूळ नियमाची. चढाईपटूने ‘कबड्डी कबड्डी’ असा उच्चार पंचाला ऐकू येईल असा सतत करायचा. दम तुटला की बाद. आता साथीच्या काळात डॉक्टर काय सांगत होते? ओरडू नका, जवळून बोलू नका, मास्क लावा. कबड्डीत मास्क लावून चढाई करणं म्हणजे खेळच न खेळणं. जगात दुसरा असा व्यावसायिक खेळ शोधूनही सापडणार नाही, ज्यात प्रतिस्पर्ध्याच्या तोंडासमोर सतत आवाज करत राहणं हा नियम आहे.

त्यामुळे कबड्डी यादीच्या तळाशी गेली यात नवल नव्हतं. प्रो कबड्डी लीगचा सातवा हंगाम ऑक्टोबर २०१९ मध्ये संपला होता. २०२० चा हंगाम झालाच नाही. आठवा हंगाम उजाडला तो २२ डिसेंबर २०२१ ला. मध्ये सव्वादोन वर्षं गेली. कुस्तीचंही तेच. ‘महाराष्ट्र केसरी’ जानेवारी २०२० मध्ये पुण्यात झाली आणि त्यानंतर थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात.

आणि बेसबॉलमध्ये?

दुसऱ्या टोकाचं उदाहरण म्हणून बेसबॉल पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमुळे सॉफ्टबॉल आणि बेसबॉल ही नावं अनेकांना माहीत असतात, पण खेळ पाहिलेले कमी. थोडक्यात सांगायचं तर चेंडू टाकणारा पिचर आणि फटका मारणारा बॅटर यांच्यात साधारण साडेअठरा मीटर अंतर असतं. एका बेसपासून दुसरा बेस सुमारे साडेसत्तावीस मीटर. पिचर आणि बॅटरमधल्या जागेत कबड्डीचं अख्खं मैदान मावतं आणि वर पाच मीटर उरतात.

दाटी होते ती फक्त होम प्लेटपाशी. बॅटर, त्याच्यामागे उकिडवा बसलेला कॅचर आणि कॅचरच्या पाठीशी वाकलेला पंच. याशिवाय धावणाऱ्या खेळाडूला चेंडूने स्पर्श करून बाद करायचं असतं, त्याला ‘टॅग’ म्हणतात. तोही क्षणभराचा.

बेसबॉलमधला संपर्क कोरोनाच्या आधीच कमी होत चालला होता, तोही दुखापतींमुळे. धाव पूर्ण करताना कॅचरला धडक देऊन आडवं करणं हे पूर्वी नियमात बसत होतं. मे २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा कॅचर बस्टर पोझी अशाच धडकेत जबर जखमी झाला, त्याचा तो हंगाम संपला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने अशा धडकांवर बंधनं आणली. ऑक्टोबर २०१५ मध्ये चेस अटलीने दुसऱ्या बेसवर घसरत जाऊन दिलेल्या धडकेत रुबेन तेहादाचा पाय मोडला, आणि पुढच्याच वर्षी त्याबद्दलही नियम झाला.

म्हणजे २०२० मध्ये बेसबॉल हा साथीसाठी जणू तयारच असलेला खेळ वाटत होता. उघड्यावरचा, पांगलेला, धडक कमी. तैवानची लीग एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली, दक्षिण कोरियाची ५ मे रोजी, दोन्ही सुरुवातीला रिकाम्या स्टेडियममध्ये. अमेरिकेत २३ जुलैला ६० सामन्यांचा छोटा हंगाम सुरू झाला. नियमही कडक होते. थुंकायचं नाही, टाळ्या द्यायच्या नाहीत, गळाभेट नाही, पंचाशी वाद घालायचा तर सहा फुटांवरून. बोटं जिभेला लावायची सवय असलेल्या पिचरसाठी ओला कपडा खिशात ठेवण्याची मुभा होती. बेसबॉलमधलं थुंकणं ज्यांनी टीव्हीवर पाहिलंय, त्यांना या पहिल्या नियमाचं वजन कळेल.

आणि तरीही चार दिवसांत गडबड झाली. मायामी मार्लिन्स संघाच्या खेळाडूंना एकामागून एक लागण झाल्याचं समोर आलं, आकडा १८ खेळाडूंपर्यंत गेला. त्यानंतर सेंट लुईस कार्डिनल्सचा संघ अडकला आणि दोन आठवडे त्यांचा एकही सामना झाला नाही.

या प्रकरणातली खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मार्लिन्सचा संघ त्या दिवसांत फिलाडेल्फिया फिलीजविरुद्ध सलग तीन सामने खेळला होता. त्याच मैदानावर, त्याच चेंडूने, त्याच बेसवर. फिलीजच्या एकाही खेळाडूला त्यातून लागण झाल्याचं चाचण्यांत आढळलं नाही. एका संघातले १८ जण आणि समोरच्या संघातला एकही नाही.

मग लागण होत होती कुठे?

मैदानाबाहेर. बसमध्ये, विमानात, हॉटेलात, जेवणाच्या टेबलावर, कपडे बदलायच्या खोलीत.

हे नुसतं बेसबॉलपुरतं असतं तर योगायोग म्हणता आलं असतं. पण रग्बीसारख्या अंगावर कोसळण्याच्या खेळातही असंच काहीसं दिसलं. इंग्लंडच्या रग्बी सुपर लीगमध्ये २०२० साली चार सामन्यांत आठ खेळाडू बाधित असताना खेळून गेल्याचं नंतर कळलं. संशोधकांनी सामन्यांचं चित्रण पाहून त्यांच्याशी कोणाकोणाची झटापट झाली हे मोजलं आणि त्या खेळाडूंच्या पुढच्या चाचण्या तपासल्या. झटापटीतून लागण होण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. जी लागण आढळली तिचा संबंध मुख्यतः संघातल्या आपसातल्या वावराशी लागत होता.

कारण समजायला अवघड नाही. उघड्या मैदानावर हवा वाहती असते आणि एका पकडीचा वेळ काही सेकंदांचा असतो. बसमध्ये तीन तास तीच हवा पंधरा-वीस जण आत-बाहेर करत असतात.

वाशिम जिल्ह्याने याचं एक उदाहरण फार जवळून पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी एकाच वेळी बाधित आढळले आणि ही बातमी देशभर गेली. एकत्र झोपणं, एकत्र जेवणं, एकत्र बसणं. व्यावसायिक संघाचं हॉटेल म्हणजे या दृष्टीने वसतिगृहच असतं, फक्त महागडं.

त्याच महिन्यात अमरावती विभागात रुग्णसंख्या पुन्हा झपाट्याने चढत होती आणि मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवी इथे झालेल्या गर्दीची राज्यभर चर्चा झाली. जिल्ह्यात सामने भरवण्याचा विषयच तेव्हा मिटला.

‘बबल’ने काय साधलं?

मैदानाबाहेरचा वावर रोखायचा म्हणून जैवसुरक्षित वातावरण, म्हणजे ‘बबल’ आला. खेळाडू, प्रशिक्षक, पंच, आचारी, बसचालक, कॅमेरामन सगळ्यांना एका कुंपणात ठेवायचं, आत येण्याआधी विलगीकरण, आत आल्यावर ठरावीक दिवसांनी चाचणी.

भारतात फुटबॉलची इंडियन सुपर लीग याच पद्धतीने नोव्हेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात एकट्या गोव्यात खेळवली गेली. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को, तीनच मैदानं. फुटबॉलमध्ये संपर्क क्रिकेटपेक्षा कितीतरी जास्त, पण हंगाम पार पडला आणि मुंबई सिटी विजेता ठरला.

उलट क्रिकेटचं पाहा. आयपीएल २०२० मध्ये संयुक्त अरब अमिरातीत सुरळीत झाली. २०२१ मध्ये ती भारतात परतली, शहराशहरांतून संघ फिरू लागले आणि ४ मे रोजी, २९ सामन्यांनंतर, स्पर्धा थांबवावी लागली. कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, दिल्ली अशा संघांत एकामागून एक बाधित सापडले होते. उरलेले सामने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा अमिरातीत झाले. क्रिकेट हा भारतातला सर्वांत कमी संपर्काचा सांघिक खेळ म्हणता येईल. त्याला बबल फुटण्यापासून ते वाचवू शकलं नाही.

२०२२ ची आयपीएल महाराष्ट्रात झाली, साखळीचे सगळे ७० सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याजवळच्या गहुंजेत. एप्रिलमध्ये दिल्ली कॅपिटल्सच्या संघात लागण झाली तेव्हा त्यांचा पुण्यातला सामना मुंबईच्या ब्रेबॉर्नवर हलवण्यात आला. कारण काय दिलं? मुंबई ते पुणे हा बंद बसमधला लांबचा प्रवास टाळावा. मैदानावर खेळायला हरकत नव्हती, एक्स्प्रेस वेवरची बस धोक्याची होती. दोन वर्षांत समज किती बदलली, हे या एका निर्णयात दिसतं.

प्रो कबड्डीचा आठवा हंगामही बबलमध्येच झाला. बाराही संघ बंगळूरमधल्या एकाच हॉटेल-संकुलात राहिले, तिथेच खेळले, प्रेक्षक नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत दोन संघांत इतके जण बाधित झाले की वेळापत्रक बदलून काही दिवस रोज एकच सामना ठेवावा लागला. पण स्पर्धा बंद पडली नाही. २५ फेब्रुवारीला दबंग दिल्लीने पाटणा पायरेट्सला ३७-३६ असं एका गुणाने हरवून विजेतेपद मिळवलं.

थोडक्यात, सर्वाधिक संपर्काचा खेळ पूर्ण झाला आणि सर्वांत कमी संपर्काचा खेळ मध्येच थांबला. दोन्ही स्पर्धांचा काळ, लाट, लसीकरणाची स्थिती वेगळी होती, हे खरं. मे २०२१ मध्ये दुसरी लाट शिखरावर होती, तर २०२२ पर्यंत बहुतेक खेळाडूंचं लसीकरण झालेलं होतं. तरी एवढं म्हणता येतं की खेळ सुरू राहणार की नाही, हे ठरवण्यात धडकेपेक्षा कुंपणाचा वाटा मोठा होता. आणि कुंपण घालायला पैसे लागतात.

ज्यांच्याकडे बबल नव्हता, त्यांचं काय झालं?

वाशिम १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झालेला जिल्हा. क्रिकेटच्या नकाशावर तो विदर्भात येतो, आणि विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी सलग दोन वर्षं रणजी करंडक जिंकला होता. कबड्डीतही विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. साथीने मात्र या दोन खेळांतल्या खेळाडूंना सारखं वागवलं नाही.

२०२०-२१ ची रणजी स्पर्धा रद्द झाली, ८७ वर्षांत पहिल्यांदाच. त्यानंतर सप्टेंबर २०२१ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने आधीच्या हंगामात खेळलेल्यांना मॅच फीच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून जाहीर केली. उशिरा का होईना, मिळाली.

गावाकडच्या कबड्डीपटूला असं देणारं कुणी नसतं. त्याचा ‘हंगाम’ म्हणजे सोयाबीन निघाल्यावर, थंडीच्या दिवसांत मंडळांनी भरवलेले खुले सामने. वजनी गट, रात्रीचे दिवे, पहिलं-दुसरं बक्षीस, उत्कृष्ट चढाईला वेगळं बक्षीस. जिंकलं तर संघात वाटून हातात काही पडतं. २०२० आणि २०२१ मध्ये ते नाहीसं झालं, आणि त्याची नोंद कुठल्याच तोट्याच्या आकड्यात नाही.

पैशापेक्षा मोठा तोटा वयाचा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. २०२०-२१ मध्ये त्या झाल्या नाहीत. ज्या मुलीचं सतरा वर्षांखालचं ते शेवटचं वर्ष होतं, तिला ते परत मिळालं नाही. लीग पुढे ढकलता येते, पण वय ढकलता येत नाही.

यात नोकरीचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरच्या कामगिरीचं, पडताळणी झालेलं प्रमाणपत्र लागतं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या ग्रामीण मुला-मुलींसाठी कबड्डी हा छंद कमी आणि दरवाजा जास्त असतो. स्पर्धाच झाली नाही तर प्रमाणपत्र कुठून येणार? दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडा गुणांनाही हीच अडचण लागू होती.

मातीचं मैदान जास्त सुरक्षित होतं का?

इथे एक उलटं चित्र दिसतं. प्रो कबड्डी बंद सभागृहात, मॅटवर, वातानुकूलित जागेत खेळली जाते. वाशिमच्या गावात ती उघड्यावर, मातीत खेळली जाते. नुसत्या हवेचा विचार केला तर मातीचं मैदान उजवं.

पण गावच्या सामन्यात बबलमधल्यासारखी चाचणी नाही, खेळाडू एकाच जीपमध्ये दाटीवाटीने येतात, आणि मैदानाच्या चारही बाजूंनी दोरीला खेटून माणसं उभी असतात. मुक्कामी संघांची व्यवस्था शाळेच्या एखाद्या खोलीत. म्हणजे धोका मैदानाच्या दहा मीटरमध्ये कमी आणि त्याभोवती जास्त. प्रेक्षकांविना, गावातल्याच मुलांचा, उघड्यावरचा सराव आधी सुरू करता आला असता का? २०२० च्या मध्यात कुणी खात्रीने ‘हो’ म्हणू शकलं नसतं. २०२१ च्या शेवटी मात्र याचा विचार व्हायला हरकत नव्हती, कारण तोवर रग्बी आणि बेसबॉलचे अनुभव समोर होते. परवानग्यांची भाषा तरी ‘सांघिक’ आणि ‘संपर्क’ या शब्दांतच राहिली.

विदर्भाला कबड्डीचं हे मातीतलं रूप परकं नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती.

त्या काळातले कुठले नियम टिकले?

फारच थोडे. बेसबॉलमधल्या टाळ्या, मिठ्या परत आल्या. क्रिकेटमध्ये चेंडूला थुंकी लावण्यावर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने जून २०२० मध्ये घातलेली तात्पुरती बंदी सप्टेंबर २०२२ मध्ये कायम झाली. आयपीएलने मात्र २०२५ च्या हंगामापासून आपल्या स्पर्धेपुरती ती उठवली.

कबड्डीच्या नियमांत साथीमुळे काहीच बदललं नाही. प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामाचे साखळी सामने ऑक्टोबर २०२२ पासून बंगळूर, पुणे आणि हैदराबाद इथे प्रेक्षकांसह झाले. दहाव्या हंगामात संघ पुन्हा बारा शहरांत फिरले आणि १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. चढाईपटू आजही मध्यरेषा ओलांडताना उच्चार सुरू करतो, आणि तो ऐकू आला नाही तर पंच त्याला परत पाठवतात.